लहान मुलांची पुनर्रचना शस्त्रक्रिया आणि थ्रीडी प्रिंटिंग: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

जन्मतः अर्धवट राहिलेला कान, वेळेआधी सांधली गेलेली कवटी, उघडेनासा झालेला जबडा, अपघातात गेलेलं हाड. अशा मुलांच्या आईवडिलांच्या कानावर हल्ली ओपीडीत ‘थ्रीडी प्रिंटिंग (संगणकातल्या आराखड्यावरून थरावर थर चढवून वस्तू छापणं) करून घेऊ’ हे वाक्य पडतं आणि घरी गेल्यावर प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. तुमच्या मुलाचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा. हे वाचून त्यांना नेमकं काय विचारायचं ते कळलं, तरी खूप झालं.

प्रिंटरमधून निघालेली वस्तू आमच्या बाळाच्या शरीरात बसवणार का?

बहुतेक वेळा नाही. ‘थ्रीडी प्रिंट’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे मॉडेल. बाळाच्या सीटी स्कॅनवरून त्याच्याच कवटीची किंवा जबड्याची हुबेहूब प्रतिकृती छापतात. सर्जन ती हातात घेऊन आखणी करतात, हाड धरून ठेवणारी प्लेट त्यावर आधीच वाकवून ठेवतात आणि तुम्हाला समजावूनही सांगतात. दुसरी कटिंग गाईड. ऑपरेशनच्या वेळी हाडावर टेकवायचा हा मार्गदर्शक तुकडा काम झालं की काढून टाकतात. तिसरी इम्प्लांट, म्हणजे शरीरात राहणारी वस्तू.

मुलांच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. बातम्या मात्र तिसरीच्याच येतात. म्हणून डॉक्टर ‘प्रिंट’ म्हणाले की आधी एवढंच विचारा: वस्तू आत राहणार की बाहेर येणार? पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

आत राहणारच नसेल, तर एवढा खटाटोप आणि खर्च कशासाठी?

वेळ आणि रक्त वाचवण्यासाठी. बाळाच्या अंगात रक्त असतं किलोमागे साधारण 80 मिलिलिटर. आठ किलोच्या बाळात सगळं मिळून साडेसहाशे मिलिलिटरच्या आत-बाहेर. कवटीच्या ऑपरेशनमध्ये कपाळाचं हाड काढून, त्याला आकार देऊन, पुढे सरकवून बसवतात. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढा रक्तस्राव तिथे बाळाला जड जातो. हाड कुठे कापायचं, किती वाकवायचं, किती मिलिमीटर पुढे घ्यायचं हे टेबलावर उभं राहून ठरवण्यापेक्षा आदल्या आठवड्यात स्क्रीनवर ठरवलेलं केव्हाही बरं.

गाईड कशी असते ते सांगतो. खालचा जबडा फारच लहान असल्यामुळे जीभ मागे पडून श्वास अडतो, अशी काही बाळं असतात. डॉक्टर याला पिएर रॉबिन म्हणतात. त्यांचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून, तिथे स्क्रूचं यंत्र बसवून रोज थोडा थोडा लांबवतात. मध्ये पडलेल्या फटीत नवं हाड भरत जातं. आता या जबड्यात पुढे यायच्या दातांच्या कळ्या आधीच बसलेल्या असतात आणि त्यांच्या जवळून खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. वरून पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही. सीटीमध्ये दिसतं. त्यावरून छापलेली नायलॉनची गाईड जबड्याच्या कडेला एकाच जागी घट्ट बसते, दुसरीकडे बसतच नाही. तिच्यात करवतीसाठी एक चीर आणि स्क्रूसाठी भोकं असतात. ही चीर आणि भोकं कळ्या नि नस चुकवूनच आखलेली असतात. या सगळ्या प्रकारात मला विचाराल तर खरी करामत या बोटभर तुकड्यात आहे. त्याचा फोटो पेपरात कधी येत नाही, एवढंच.

मूल वाढणार, इम्प्लांट वाढणार नाही. मग पुढे काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो कोणी स्वतःहून काढला नाही तर तुम्ही काढा. स्कॅन म्हणजे बाळाचं त्या दिवशीचं माप. त्यावरून केलेली वस्तू कितीही अचूक असली तरी त्या दिवसापुरतीच अचूक. म्हणून मुलांमध्ये शरीरात काही ठेवायचं तर तीन मार्ग असतात: वस्तू विरघळणारी हवी, वाढीला जागा देणारी हवी, नाहीतर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला हवं.

वाट कुठे किती पाहायची हे अवयवावर आहे. कवटी लवकर मोठी होते. पाच-सहा वर्षांपर्यंत तिची जवळजवळ नव्वद टक्के वाढ झालेली असते. कानही लवकर मोठा होतो. खालच्या जबड्याची वाढ मात्र मुलींमध्ये पंधरा-सोळा आणि मुलांमध्ये सतरा-अठरापर्यंत चालते. त्यामुळे सात वर्षांच्या मुलाच्या कवटीसाठी जे चालेल ते त्याच्याच जबड्यासाठी चालेल असं नाही.

थांबायचं नाही म्हटलं तर काय होतं, हे कवटीच्या धातूच्या प्लेटांनी दाखवून दिलं आहे. लहान मुलाची कवटी मोठी होताना बाहेरून हाड चढतं आणि आतून झिजतं. बाहेर लावलेली टायटॅनियमची छोटी प्लेट आणि तिचे स्क्रू जागचे हलत नाहीत, पण हाड त्यांच्यावरून चढत जातं आणि काही वर्षांनी प्लेट कवटीच्या आतल्या बाजूला सापडते. म्हणून 1990 च्या दशकात विरघळणाऱ्या प्लेटा आल्या. हाड जुळेपर्यंत त्या धरून ठेवतात आणि साधारण वर्षभरात विरून जातात. आज बाळांच्या कवटीच्या कामात त्याच जास्त वापरतात.

हाडाच्या कॅन्सरमध्ये गुडघ्याजवळचं हाड काढावं लागलं तर लांबवता येणारे कृत्रिम सांधेही मिळतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिलं की आतली छोटी मोटर फिरते आणि पाय मिलिमीटर-मिलिमीटरने वाढवता येतो, पुन्हा कापावं लागत नाही. मात्र हे यंत्र आहे, त्याचा प्रिंटिंगशी फारसा संबंध नाही. दोन्हींची सरमिसळ करू नका.

शरीरात ठेवलेली आणि नंतर विरघळून गेलेली प्रिंटेड वस्तू खरंच आहे का?

आहे, आणि ती मुलांसाठीच बनली. काही बाळांची श्वासनलिका किंवा तिच्या फांद्या जन्मतःच मऊ असतात. श्वास सोडताना नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि बाळ निळं पडतं. सौम्य प्रकार वाढीबरोबर दोन-तीन वर्षांत आपोआप सुधारतो. तीव्र प्रकारात बाळ व्हेंटिलेटरवरून निघतच नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात कान-नाक-घशाचे डॉक्टर ग्लेन ग्रीन आणि इंजिनिअर स्कॉट हॉलिस्टर यांनी फेब्रुवारी 2012 मध्ये अशाच एका काही महिन्यांच्या बाळाला छापील आधार बसवला. त्यासाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडून, म्हणजे एफडीएकडून, तातडीची परवानगी घेतली होती. एका बाजूने उघडी, कडेला भोकं असलेली ही नळी श्वासनलिकेच्या आत घालायची नसते, ती बाहेरून बसवतात. त्या भोकांतून टाके घालून मऊ भिंत आधाराकडे ओढून धरतात, म्हणजे ती आत कोसळत नाही. उघडी फट ठेवली ती वाढीसाठी. नलिका मोठी झाली की आधार फाकतो. साहित्य पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचं विरघळणारं प्लास्टिक. ते साधारण तीन वर्षांत विरतं आणि तोवर बाळाच्या स्वतःच्या नलिकेत बळ आलेलं असतं. या बाळाचं व्हेंटिलेटर तीन आठवड्यांत निघालं. 2013 मध्ये ही हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 2015 मध्ये याच गटाने तीन बाळांचा अनुभव मांडला.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. आधार विरघळणारा निघाला म्हणून हे काम जमलं असं नाही. हा आजारच मुळात काही वर्षांचा होता. गरज कायमची असेल तिथे विरघळणारी वस्तू पुरी पडणार नाही.

कानाचं काय? नवा कान छापून मिळतो का?

कान अर्धवट घेऊन जन्मलेल्या मुलांच्या घरी हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो. आज रुजलेल्या पद्धती दोन. एकीत मुलाच्याच बरगडीची कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) काढून, ती कोरून कानाचा सांगाडा करतात. त्यासाठी कूर्चा पुरेशी हवी, म्हणून काही सर्जन सहा-सात वर्षांपर्यंत थांबतात, तर जपानच्या नागाता पद्धतीने करणारे साधारण दहा वर्षांपर्यंत किंवा छातीचा घेर 60 सेंटिमीटर होईपर्यंत. दुसरीत सच्छिद्र पॉलिइथिलिन या प्लास्टिकचा तयार सांगाडा वापरतात. तो लहान वयात बसवता येतो, पण परकी वस्तू असल्यामुळे कधी त्वचेतून उघडा पडण्याचा धोका आयुष्यभर असतो.

प्रिंटिंग यात मदतनीस म्हणून येतं. चांगल्या कानाचं स्कॅन घेऊन आरशातल्या प्रतिमेसारखं उलटवतात, छापतात, निर्जंतुक करतात, आणि सर्जन ते समोर ठेवून कूर्चा कोरतात. पूर्वी हेच काम एक्स-रे फिल्मवर कान गिरवून व्हायचं.

पेशींचा जिवंत कान ही पुढची पायरी. चीनमध्ये 2018 साली पाच मुलांबद्दलचा अहवाल आला. त्यांच्याच अर्धवट कानातल्या कूर्चेच्या पेशी साच्यावर वाढवून कान बसवले होते. अमेरिकेत 2022 मध्ये वीस वर्षांच्या एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवल्याचं जाहीर झालं. दोन्ही ठिकाणी हे चाचणीच्या पातळीवरचं काम आहे. कोणी पुढच्या महिन्यात पेशींचा कान छापून देतो म्हणालं आणि आगाऊ पैसे मागितले, तर सरळ उठून या.

डोक्याला मार लागल्यावर काढलेलं हाड परत बसवायचं आहे. प्रिंटेड बसवावं का?

मेंदूला सूज आली की कवटीचा तुकडा काढून ठेवतात, आपल्याकडे बऱ्याचदा पोटाच्या त्वचेखाली. सूज उतरली की तोच परत बसवतात. पहिली पसंती स्वतःच्या हाडालाच. अडचण अशी की लहान मुलांमध्ये परत बसवलेलं हाड झिजून जाण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं. मोठ्यांत करतात तसं कवटीचं हाड उभं चिरून एकाचे दोन थर करावेत, तर फार लहान मुलाचं हाड तेवढं जाडच नसतं. मग मापाचं इम्प्लांट हा पर्याय पुढे येतो. 2018 मध्ये पुण्यातल्या भारती हॉस्पिटलमध्ये चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा मोठा भाग मापाने बनवलेल्या पॉलिइथिलिनच्या इम्प्लांटने भरल्याची बातमी सगळीकडे झाली होती. अपघातानंतर तिला अशी मोठी शस्त्रक्रिया लागली होती.

वय दोनच्या आत असेल तर उलट थोडं थांबून पाहतात, कारण या वयात मेंदूवरचं आवरण स्वतःच नवं हाड तयार करू शकतं.

मुलगा हनुवटीवर पडला होता, आता तोंड उघडत नाही. कृत्रिम सांधा छापून बसवता येईल?

मोठ्या माणसांत येतो. वाढत्या मुलात शक्यतो टाळतात. हनुवटीवर आपटून किंवा कानातला जंतुसंसर्ग पसरून जबड्याचा सांधा हाडाने जाम होतो. हा आजार भारतात अजूनही पाहायला मिळतो. पडल्यानंतर कोणी फारसं लक्ष दिलेलं नसतं. दोन-तीन वर्षांनी मूल पोळीचा तुकडा दातांच्या फटीतून आत सरकवायला लागतं, रात्री घोरतं, हनुवटी मागे राहते, तेव्हा धावपळ सुरू होते.

उपाय म्हणजे जाम झालेलं हाड कापून फट करणं, मध्ये स्नायू घालणं, गरजेप्रमाणे बरगडीचा तुकडा लावणं आणि मग महिनोन्‌महिने तोंड उघडायचे व्यायाम. बरगडीचा तुकडा मुलाबरोबर वाढतो, हा त्याचा गुण. कधी हवा त्यापेक्षा जास्त वाढतो, हा दोष. प्रिंटिंगचा उपयोग मॉडेल आणि गाईडपुरता: हाडाच्या या गोळ्याच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी आणि वर कवटीचा तळ असतो, त्यामुळे किती खोल कापायचं हे आधी कळलेलं बरं. आणि व्यायाम चुकवले तर जगातली कुठलीही गाईड कामाची नाही. रडणाऱ्या मुलाचं तोंड रोज उघडायला लावणं आईबापांच्या जिवावर येतं, पण सांधा पुन्हा जाम होतो तो इथेच.

ओठ आणि टाळू दुभंगलेल्या तान्ह्या बाळाला काही उपयोग?

आहे, ऑपरेशनच्या आधी. पहिल्या काही आठवड्यांत नाकाची कूर्चा मऊ असते. तेवढ्यात टाळूला बसेल अशी प्लेट घालून हिरडीचे दोन भाग जवळ आणतात, नाकपुडीला आकार देतात. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन महिन्यांच्या आसपास होतं, त्याआधी हे उरकायचं. पूर्वी बाळाच्या तोंडात मऊ लगदा भरून माप घ्यावं लागायचं आणि श्वास अडकण्याची भीती असायची. आता काही ठिकाणी छोट्या स्कॅनरने माप घेऊन प्लेटा छापतात. तपासणीसाठी वारंवार यावंच लागतं. गावाहून एसटीने तान्हं बाळ घेऊन येणाऱ्यांनी हे आधीच नीट बोलून घ्यावं.

स्कॅनमधल्या किरणांनी बाळाला अपाय होईल का?

किरणांचा डोस लहान असतो, शून्य नसतो. डोक्याच्या एका सीटीत ढोबळमानाने वर्षभरात निसर्गातून मिळतात तेवढी किरणं मिळतात. म्हणून गरज असेल तरच, आणि मुलांसाठीच्या कमी डोसवर करायचा. तुमच्या हातात एक गोष्ट आहे: स्कॅन दोनदा होऊ द्यायचा नाही. छपाईसाठी एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप लागतात. ‘थ्रीडी प्लॅनिंगसाठी हवा’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या, सेंटरवर दाखवा आणि सीडी किंवा पेनड्राइव्हमध्ये मूळ डायकॉम फाईल (स्कॅनची डिजिटल फाईल) मागून घ्या. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून काम होत नाही. स्कॅन पुन्हा करावा लागतो तो बहुतेकदा एवढ्याशा कारणाने.

वस्तू कशाची असते? अंगाला मानवते का?

गाईड नायलॉन किंवा रेझिनची. कायमचं इम्प्लांट टायटॅनियम, पीक नावाचं कडक प्लास्टिक किंवा पॉलिइथिलिनचं. विरघळणारं बहुधा पॉलिकॅप्रोलॅक्टोनचं. मूत्रपिंड नाकारलं जातं तसं शरीर ही वस्तू नाकारत नाही. खरी भीती जंतुसंसर्गाची आणि वरची पातळ त्वचा फाटून वस्तू उघडी पडण्याची. तसं झालं तर बहुतेक वेळा ती काढावी लागते.

निर्जंतुक करायची पद्धतही साहित्याप्रमाणे बदलते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन 60 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या 121 अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये त्याचा गोळा होईल. त्याला इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात.

भाच्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रिंटर आहे. तिथे स्वस्तात छापून घेऊ का?

समजावून सांगायला मॉडेल हवं असेल तर खुशाल घ्या. शरीराला लागणारी वस्तू मात्र नाही. आपल्या 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत एका रुग्णासाठी खास बनवलेल्या उपकरणाची व्याख्या आहे: नोंदणीकृत तज्ज्ञ डॉक्टरच्या लेखी चिठ्ठीवरून, त्याच्या जबाबदारीवर, फक्त त्याच रुग्णासाठी. साहित्य कुठलं, कोणत्या बॅचचं, कसं धुतलं, कसं तपासलं, याला कोणीतरी उत्तरदायी हवं. प्रिंटरची किंमत हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे.

किती दिवस लागतात आणि खर्च योजनेत बसतो का?

मॉडेल दोन-चार दिवसांत होतं, गाईडला आठवडा-दोन आठवडे धरा, धातूच्या इम्प्लांटला त्याहून जास्त. मध्ये सर्जन आणि डिझाइन करणारे ऑनलाइन बसून आराखडा पक्का करतात. बऱ्याचदा दिवस जातात ते इथे, प्रिंटरमुळे नव्हे. तातडीच्या केसमध्ये एवढं थांबता येत नाही.

खर्चाबद्दल: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पैसे आजाराच्या ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात. ऑपरेशन बसलं म्हणजे मापाचं इम्प्लांटही बसलं, असं गृहीत धरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दोन्ही वेगवेगळं विचारा. जन्मजात दोष असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेतली तपासणी आणि जिल्ह्याच्या केंद्राकडून पुढची चिठ्ठी मिळते. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला भरतीआधीच काढून ठेवा. अंदाजपत्रक घेताना प्लॅनिंग, गाईड आणि इम्प्लांट या तिन्हींचे आकडे सुटे लिहून मागा. एकत्र आकड्यात काय काय धरलंय ते नंतर कळत नाही.

नंतर एमआरआय करावा लागला तर? आणि कोणते कागद जपायचे?

टायटॅनियम असलं तरी सहसा एमआरआय करता येतो, पण त्या जागेचं चित्र खराब येतं. पीकमध्ये हा त्रास नाही. तरी दर वेळी तंत्रज्ञाला आधी सांगायचंच.

डिस्चार्ज कार्डवर साहित्याचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या, किंवा पाकिटावरचं स्टिकर चिकटवून घ्या. डायकॉमची सीडी आणि नियोजनाचा रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत मेलवर टाका, कारण सीडी दहा वर्षं टिकेलच असं नाही. चौथीत ऑपरेशन झालेला मुलगा कॉलेजात गेल्यावर दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईल, तेव्हा त्यांना आत काय आहे ते याच कागदांवरून कळेल.